शेंदराखालचा राखणदार

आमच्या घरी लग्न ठरलं की पहिली पत्रिका गणपतीपुढे, दुसरी कुलदेवीला आणि तिसरी अंगणातल्या राखणदाराला ठेवायची. हा क्रम कधी चुकला नाही. माझी मुंज, बहिणीचं लग्न, माझं स्वतःचं लग्न, राखणदारापुढे नारळ फुटल्याशिवाय मुहूर्तमेढ रोवली गेली नाही. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या घराच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला कडुलिंबाखाली तो उभा असायचा. कमरेइतका उंच, नखशिखांत शेंदूर, त्यावर चांदीचे दोन डोळे. शेंदराचे थर इतके चढले होते की आतला दगड मुळात कसा आहे हे घरातल्या कोणालाच सांगता आलं नसतं. लहानपणी मला तो रेनकोट घालून उभ्या असलेल्या माणसासारखा वाटायचा. एकदा मी तसं बोलून दाखवलं तेव्हा आईने कधी नव्हे ती थोबाडीत दिली होती.

दगड वडिलांनी आणलेला. ते जंगलखात्यात रेंजर होते आणि सिमरोलच्या पुढे, घाट उतरायच्या आधी आत जे डोंगर लागतात, तिथे त्यांची नेमणूक होती. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी, की एका पहाटे त्यांना दृष्टांत झाला, 'मी रानात उघडा पडलोय, मला घरी ने.' ते गेले तर खरंच झुडपात हा देव सापडला. ही गोष्ट मी स्वतः कितीतरी पाहुण्यांना सांगितली आहे. सांगताना 'उघडा पडलोय' या शब्दांवर मी मुद्दाम थोडा थांबायचो. तिथे बायकांचे डोळे हमखास भरून यायचे. आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

आमचं घराणं संस्थानाच्या काळात दरबारच्या कारकुनीसाठी दक्षिणेतून इकडे आलं. संस्थान गेलं, दरबार गेला, ऐट राहिली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तो पीळ बघायचा असेल तर इंदूरच्या मराठी माणसाच्या दिवाणखान्यात बसावं. बोलणं अर्धं हिंदी झालंय, मुलांना 'अडतीस' म्हटलं तर समजत नाही, पण पणजोबांची पगडी काचेच्या पेटीत. आमच्याकडे पगडी नव्हती, वडिलांचा खाकीतला फोटो होता. कॉलनीत अजूनही मला 'रेंजर साहेबांचे चिरंजीव' म्हणतात. विम्याच्या कचेरीतून मी निवृत्त झालो, डोक्यावरचे केस गेले, तरी मी चिरंजीव. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

आईबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तिने वडिलांचं नाव कधी घेतलं नाही. तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, लग्नातल्या उखाण्यापुरती काय ती सूट. दवाखान्यात, बँकेत, रेशनच्या रांगेत कोणी 'पति का नाम' विचारलं की ती माझ्याकडे बघायची आणि मी नाव सांगायचो. शाळकरी होतो तेव्हापासून हे काम माझं. वडील गेल्यावर पेन्शनच्या खिडकीवरसुद्धा तिने तसंच माझ्याकडे बघितलं होतं.

गेल्याच्या गेल्या वैशाखात, भर दुपारी, राखणदाराची खोळ गळून पडली. आमच्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं चढलेल्या शेंदराचं कवच कधीतरी आपोआप सुटतं, आणि मग लोक म्हणतात, देवाने जुनं अंग टाकलं. कवच पडल्याचा आवाज ऐकून आम्ही बाहेर धावलो. चांदीचे डोळे मातीत पडले होते. आणि दगडावर एक घोडेस्वार होता. हातात तलवार, वर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र, घोड्याला एकच कान. साधं, गावठी कोरीवकाम, पण स्वार असा ताठ बसलेला की बघत राहावं.

माझी मुलगी विजय नगरमध्ये एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. त्या दिवशी ती घरून काम करत होती. तिने तिथल्या तिथे मोबाईलवर रील बनवली. मागे शंखाचा आवाज, खाली ओळ, 'आमच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा राखणदार प्रगटला.' पिढ्यान्‌पिढ्यांचा हा शब्द तिला मी सुचवला. आईला मात्र आनंद झालेला दिसला नाही. ती ओट्यावर मटकन बसली आणि म्हणाली, "झाका रे ते पहिले. शेंदूर कालवा, लगेच झाका." आम्हाला वाटलं, भक्ती.

गुरुजींना बोलावलं. त्यांनी लांबून हात जोडले आणि पौर्णिमेपर्यंत नवा शेंदूर चढवायचा नाही, देवाला मोकळं राहू द्या, असं सांगितलं. मग काय, कॉलनी लोटली. रील कुठल्या कुठे पोचली. ज्यांच्याशी पार्किंगवरून वर्षभर बोलणं नव्हतं ते हार घेऊन आले. मी झब्बा घालून फाटकाशी उभा राहायचो आणि दृष्टांताची गोष्ट सांगायचो. आई तेवढे दिवस अंगणात आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

त्या रांगेत एका सकाळी एक म्हातारी आणि चाळिशीचा एक माणूस येऊन उभे राहिले. ते भिल आहेत हे म्हातारीच्या हातांतल्या आणि गळ्यातल्या चांदीवरून आणि कपाळावरच्या गोंदणावरून कळत होतं. माणूस पँट-शर्टात होता, हातात हेल्मेट होतं. त्यांचा नंबर आला. म्हातारी दगडासमोर खाली बसली. तिने घोड्याच्या तुटक्या कानावरून बोट फिरवलं आणि एकदम हसली. मग कमरेची छोटी बाटली काढली आणि दगडाच्या पायाशी जमिनीवर धार सोडली. मोहाच्या दारूचा वास अंगणभर पसरला.

पुढचं मला सांगावंसं वाटत नाही, पण ते टाळलं तर हे सगळं लिहिण्यात काही अर्थ नाही. बायका तोंडाला पदर लावून मागे सरल्या, कोणीतरी "अरे भिया, ये क्या कर दिया" म्हणून ओरडलं, आणि मी घरात जाऊन तांब्यात गोमूत्र घेऊन आलो. मी ते तिच्यासमोर शिंपडलं. तिचा पाय होता तिथेसुद्धा शिंपडलं. ती पाय काढून बाजूला झाली आणि मी पाणी ओतून ती दारू धुऊन काढली तेव्हा शांतपणे बघत राहिली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"कित्ते बरस का प्यासा है," ती म्हणाली. "दो घूँट तो उतरने देते."

रांग पांगली. त्या माणसाने सांगितलं की ही त्याची आत्या, आणि दगडावरचा स्वार तिचा आजा. त्यांच्यात माणूस गेला की असा दगड कोरून त्याच्या जमिनीवर उभा करतात, त्याला गाता म्हणतात. हा आजा अस्वलाशी झुंजताना मेला. घोडा त्याच्याकडे कधी नव्हता, पण गात्यावर सगळ्यांनाच घोडा मिळतो. कान आत्यानेच लहानपणी गोफणीने उडवला होता आणि त्याबद्दल मार खाल्ला होता. मी त्याला म्हटलं, येण्याआधी फोन करून यायला हवं होतं. मला तेवढंच सुचलं. तो म्हणाला, "फोन किसको करते साहब? इनको?" आणि दगडाकडे बोट केलं.

मी त्यांना पायरीवर बसवलं. आत खुर्च्या होत्या. बायकोने चहा दिला तो प्लंबर-गवंडी आले की काढायचो त्या कपांत. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं, तिचा हातच त्या फळीकडे गेला. तो माणूस सिमरोलच्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात इलेक्ट्रिशियन होता, आणि गावच्या वनाधिकार समितीचा सचिव. आवाज चढवत नव्हता, पण आर्जवही करत नव्हता. हे सगळं त्याला फार वेळा, फार टेबलांसमोर सांगावं लागलं असणार.

त्याचं सांगणं असं. डोंगराच्या पोटाशी त्यांच्या कुळाची शेती होती. एका हिवाळ्यात खात्याची माणसं आली, झोपड्या उचकटल्या, दगड उपटून नाल्यात लोटले आणि सागाची रोपं लावली. लोक सडकेच्या कडेला येऊन राहिले. पण दर आषाढात ते वर जाऊन मका पेरायचे, आणि दर भादव्यात कोणीतरी येऊन तो उपटायचं. त्याच्या बापाने त्यापायी जेल बघितली. आत्याने बायका घेऊन कचेरीसमोर ठाण मांडलं, पोरं तिथेच निजवली. मग कायदा आला, की जंगलात पूर्वापार कसणाऱ्यांना पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, मिळेल. त्यांनी दावा केला, तो खारिज झाला. पुन्हा केला, पुन्हा खारिज. पुरावा काय, तर पुरावा नाल्यात. नाल्यातले तीन गाते त्यांनी शोधून पुन्हा उभे केले, पण ते लहान आणि झिजलेले. साहेब लोक म्हणाले, हे तर कुठूनही आणले असतील. सगळ्यात मोठा आणि जुना, ज्याच्यावरून आख्खी पंचक्रोशी त्या शेताला ओळखायची, तो सापडत नव्हता. तो मुलीच्या रीलमध्ये सापडला. आता तहसिलीची समिती जागा बघायला येणार होती, पावसाच्या आधी. त्याआधी दगड परत हवा.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. घरच्यांशी बोलावं लागेल. देवाचा मामला आहे.

ते गेल्यावर आईने मला आत बोलावलं. खिडकीतून तिने सगळं बघितलं होतं. मला वाटलं, अंगण बाटलं म्हणून ती चिडली असेल. मी तिला समजावायला लागलो की मी नीट धुतलंय. ती म्हणाली, "तो देव नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मग तिने सांगितलं. दगड नाल्यात लोटा असा हुकूम वडिलांनीच दिला होता. मजुरांनी बाकीचे लोटले, पण या मोठ्या दगडाला कोणी हात लावेना. तेव्हा वडिलांनी स्वतः पहार घेतली आणि तो उपटला. उपटल्यावर फोडायची त्यांची छाती झाली नाही, आणि तिथे ठेवायचीही सोय नव्हती, कारण दगड उभा असता तर तिथे कोणी राहत होतं हे दिसलं असतं. म्हणून पोत्यात गुंडाळून जीपमधून घरी. त्या आठवड्यात मला ताप भरला आणि तो उतरेना. आई रोज फाटकातून आत येताना त्या स्वाराची नजर तिच्यावर असायची. "त्याचे डोळे दिसू नयेत म्हणून मी शेंदूर लावला रे," ती म्हणाली. "लोक विचारायला लागले, म्हणून ते स्वप्न सांगितलं. त्यांना कुठलं स्वप्न पडलं नव्हतं."

मला ती जीप आठवत होती. पोतं आठवत होतं, वडिलांच्या तळहातावरचे पहारीचे फोड आठवत होते. तरी दृष्टांताची गोष्ट मीच सगळ्यात रंगवून सांगायचो. वडील कधी राखणदाराच्या पाया पडले नाहीत, हेसुद्धा मी बघितलं होतं. ते नेहमी मागच्या दाराने आत यायचे. मी समजायचो, बुटांना चिखल असतो म्हणून.

"देऊन टाक," आई म्हणाली. "आजच फोन कर."

मी त्या दिवशी फोन केला नाही, दुसऱ्या दिवशीही केला नाही. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, उत्तरपूजा केल्याशिवाय मूर्ती हलवता येत नाही आणि सध्या गुरूचा अस्त आहे. मला हे ऐकून बरं वाटलं, हे मी कबूल करतो. जो देव नाही हे मला कळून चुकलं होतं त्याच्यासाठी मी मुहूर्त बघत होतो. खरी भीती वेगळीच होती. दगड गेला की कॉलनी विचारणार, का गेला? मग दृष्टांत खोटा पडणार, मग फोटोतली खाकी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी त्या माणसाचे फोन वाजू दिले.

शेवटी तेच आले. पिकअप घेऊन, बायकापोरं, ढोल. समितीच्या भेटीच्या आदल्या दिवशी. मी तरीही काय केलं असेल? शाल आणली, नारळ आणला, दगडाला शाल पांघरून फोटो काढून घेतला, जणू दान करतोय. आत्याने ती शाल काढून घडी घातली आणि आमच्या ओट्यावर ठेवली. मग बायका गायला लागल्या आणि दगड गाडीत चढला. कडुलिंबाखाली खड्डा राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी त्या माणसाचा फोन आला. समिती आली होती. दगडाच्या पायाशी माती ओली, काल रोवलेला हे आंधळ्यालाही कळावं. तरी साहेब मंडळी ऐकून घेत होती, तेवढ्यात नाकेदाराने, म्हणजे जंगलखात्याच्या शिपायाने, मोबाईल काढून रील दाखवली. हा तर राजेंद्र नगरातला देव. खाली लिहिलंय बघा, पिढ्यान्‌पिढ्यांचा. यांनी इंदूरहून उचलून इथे लावलाय. आत्या मध्ये बोलायला गेली तर तिला गप्प बसवलं. समितीच्या अधिकारी बाई मात्र भल्या असाव्यात. त्यांनी दावा तिथेच फेटाळला नाही, दिवाळीनंतरची एक शेवटची पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, दिली. त्या घरच्या कोणीतरी येऊन सांगावं की दगड इथूनच नेला, तर तो पुरावा धरू, असं म्हणाल्या.

"एक लाइन बोलनी है आपको, बस," तो म्हणाला.

पाच महिने मी ती एक ओळ घोळवत होतो. दाढी करताना, भाजी आणताना. 'माझ्या वडिलांनी हा दगड इथून उपटून नेला.' एवढंच. मी रील काढून टाकायला लावली, पण ती आता ज्याच्या त्याच्या मोबाईलवर होती. आईला मी पेशीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, तुझे गुडघे, तो रस्ता, मी आहे ना. तिने काठी आणि चपला फाटकाशी आणून ठेवल्या.

सिमरोल ओलांडल्यावर ते कॉलेजचं लांबच लांब कुंपण लागतं, ते संपलं की कच्चा रस्ता. मुलगी गाडी चालवत होती, आई तिच्या शेजारी, मी मागे. वर पोचलो तर सागाच्या ओळींमध्ये मोकळी पट्टी होती, कापलेल्या मक्याचे बुडखे, आणि शेताच्या वरच्या अंगाला चार गाते. आमचा राखणदार सगळ्यात उंच. त्याच्या अंगावर कुठे कुठे आमचा शेंदूर अजून होता, पण आता त्याच्या बुडाशी गवत उगवलं होतं. आत्याने आईला हाताने धरून खाटेवर बसवलं आणि गप्पा मारायला लागल्यासारखं सांगितलं, की त्यांच्याकडे लग्न ठरलं की गात्याला हळद लावून बोलावणं करतात. गाता नव्हता इतकी वर्षं, तर ते इथे लपूनछपून येऊन खड्ड्याला हळद लावायचे. मी आमच्या पत्रिकांचा विचार करत होतो. एकाच माणसाला दोन घरं बोलवत होती, आणि आमच्याकडे तो बांधून घातलेला होता.

मोहाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. अधिकारी बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. तलाठी, ज्याला इकडे पटवारी म्हणतात, तो लिहून घ्यायला बसला होता. नाकेदार उभा. गाव सगळं जमिनीवर बसलेलं. मला खुर्ची दिली. बाईंनी विचारलं, हा दगड इथून कोणी नेला?

मी बोललो. चांगलं बराच वेळ बोललो. त्या काळात नेमणुका कशा होत्या, हुकूम कसे वरून येत, खात्याच्या माणसाच्या हातात काही नसे, वडील किती सचोटीचे होते. बाई म्हणाल्या, ते ठीक आहे, पण दगड कोणी उपटला? मी म्हटलं, खात्याच्या मजुरांनी उपटला असेल, मी तेव्हा लहान होतो, मला नीट आठवत नाही.

मला नीट आठवत होतं. तो इलेक्ट्रिशियन माझ्याकडे बघत होता. त्याला राग आलेला नव्हता. अशा माणसांकडून असंच ऐकायची त्याला सवय होती, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

आई खाटेवरून उठली. "इसको रहने दो बाई," ती म्हणाली, "मैं बताती हूँ." काठी टेकत ती टेबलाशी आली. तिचं हिंदी निम्मं मराठी, पण कोणाला काही समजायचं राहिलं नाही. पहार, पोतं, जीप, शेंदूर, खोटं स्वप्न. मजुरांनी हात लावला नव्हता, हेही तिने सांगितलं, म्हणजे माझ्या खोटेपणाचं तिने तिथल्या तिथे मातेरं केलं. गाव ऐकत होतं. आत्या मान हलवत होती, जणू तिला फक्त कोणाच्या तरी तोंडून हे ऐकायचं होतं.

पटवारी लिहीत होता, तो थांबला. म्हणाला, उनका नाम? पूरा नाम बोलिए, रिकॉर्ड में लगेगा.

आईने माझ्याकडे बघितलं. दवाखान्यात बघायची, पेन्शनच्या खिडकीवर बघायची, तसंच. मी आयुष्यभर हे नाव सांगत आलो होतो, अभिमानाने, कोणी न विचारताही. पण आता ते नाव त्या कागदावर जाणार होतं, दगड उपटणाऱ्याचं नाव म्हणून. मी मोहाच्या झाडाकडे बघू लागलो. पटवारी वाट बघत होता, गाव वाट बघत होतं, आई वाट बघत होती.

मग तिने पदर डोक्यावरून सारखा केला आणि नाव घेतलं. नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव. उखाणा नाही, यमक नाही. स्पष्ट, सावकाश, लिहिणाऱ्याला लिहिता यावं असं. पटवाऱ्याने लिहिलं. बाईंनी विचारलं, आप उनकी कौन? आई म्हणाली, "औरत."

निकाल अजून यायचा आहे. कागद तहसिलीतून जिल्ह्याला गेला आहे, तिथे कोणत्या टेबलावर आहे ते तो इलेक्ट्रिशियन दर आठवड्याला जाऊन बघून येतो. मला तो आपणहून फोन करत नाही, मीच करतो. तो नीट बोलतो. यंदाही त्यांनी मका पेरला, आणि यंदा कोणी उपटायला आलं नाही, एवढं त्याने सांगितलं. आमच्या अंगणातला खड्डा बायकोने दोनदा बुजवला, पण पाणी पडलं की तिथली माती खचते. कॉलनीत आता मला कोणी चिरंजीव म्हणत नाही. ते मला बोचतं. आणि एवढं होऊनही तेच बोचतं, याची लाज वाटते.

त्या दिवशी परत येताना सिमरोल लागलं. मुलीने उसाच्या रसासाठी गाडी थांबवली आणि ती उतरून गेली. गाडीत आम्ही दोघंच. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, आई, तू आज नाव घेतलंस. ती मागे वळली नाही. समोरच्या काचेतूनच बघत म्हणाली,

"मला नाव घ्यायची बंदी होती. तुला रे कोणी बंदी केली होती?"